बाळ फक्त माझं!

त्याला न विचारता, न सांगता आई व्हायला निघालेली नायिका. तिला 'चीटर' म्हणायचं की 'बिनधास्त'? 'नोबडीज बेबी बट माइन' वाचलेल्यांमध्ये आजही यावरून दोन तट पडतात. तुम्ही कुठल्या बाजूचे?

डॉ. जेन डार्लिंग्टन, वय चौतीस, मुक्काम शिकागो. फिजिक्समध्ये नाव कमावलेलं, नोकरी उत्तम, बँक बॅलन्स व्यवस्थित. नाही ते फक्त बाळ. मग सरळ स्पर्म बँक गाठावी ना? पण बाईंचं घोडं तिथेच अडतं. कारण ऐकाल तर हसाल. तिथले डोनर म्हणजे मेडिकलचे स्टुडंट, म्हणजे हुशार! आणि जेनला हुशार बाप नकोय. ती स्वतः लहानपणापासून 'जिनियस' म्हणून वाढलीय. वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे आणि म्हणूनच सगळ्यांपासून लांब. डबा खायलाही कुणी सोबत नसायचं, अशातली गत. आपल्या पोराच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून तिला हवाय ढ बाप. देखणा, तब्येतीने खणखणीत, पण डोक्याने बेताचा.

असा एक तिला सापडतो. कॅल बोनर, अमेरिकन फुटबॉलमधला स्टार क्वार्टरबॅक. बोलण्याची गावाकडची ढब, मैदानावर दंगा, बरोबर विशीतल्या मुली. जेन मनातल्या मनात टिक मारते. कॅलच्या टीममधली मुलं त्याला वाढदिवसाचं 'गिफ्ट' म्हणून एक मुलगी पाठवायच्या बेतात असतात. ते गिफ्ट बनून चक्क आपल्या डॉक्टरबाईच त्याच्या दारात उभ्या! वय कमी करून सांगितलेलं, कंडोम आधीच निकामी केलेला. पहिल्या खेपेला काम होत नाही, म्हणून ती पुन्हा जाते. दुसऱ्यांदा जमतं. आणि मग ती गुपचूप आपल्या घरी, आपल्या प्रयोगशाळेत परत. तिच्या लेखी हिशेब संपला. बाळ तिचं, त्याचा काय संबंध?

सुझन एलिझाबेथ फिलिप्सची ही कादंबरी १९९७ ची. एका काल्पनिक फुटबॉल टीमभोवती फिरणाऱ्या तिच्या 'शिकागो स्टार्स' मालिकेतली. जवळजवळ तीस वर्षं झाली, तरी कुठेही दोन रोमान्सवेड्या एकत्र आल्या की या पुस्तकावरून वाजतंच. (ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा. पुढे सगळं फोडलंय!)

पुढची गोष्ट थोडक्यात अशी. बातमी फुटते. कॅल भडकतो. आपलं मूल बिनलग्नाचं जन्माला आलेलं त्याला चालणार नसतं, म्हणून तो जेनला लग्न करायला भाग पाडतो आणि तिला घेऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या आपल्या गावी जातो. गावाचं नाव साल्व्हेशन, म्हणजे मोक्ष! तिथलं घर एका टीव्हीवरच्या बुवाचं, झगमगाट बघून डोळे दुखावेत असं. मूल झालं की घटस्फोट, असं ठरलेलं. आणि मग खरी गंमत. हा 'ढ' कॅल बायॉलॉजीत उत्तम मार्कांनी पदवी घेतलेला निघतो. ते कळल्यावर जेन कोसळते. आपल्याला फसवलं म्हणून ती त्याच्यावर चिडते! ती. त्याच्यावर!

एवढं वाचून तुम्ही हसलात की कपाळावर आठी पडली? बस, इथेच तुमचा तट ठरला.

गुपित बाळांचं दुकान

ज्यांनी मिल्स अँड बून कोळून प्यायल्यात, त्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. बापापासून लपवलेलं बाळ हा त्या दुनियेतला हुकमी एक्का. 'सीक्रेट बेबी' या नावानेच तो ओळखला जातो. ग्रीक नाहीतर इटालियन अब्जाधीश, त्याची एके काळची सेक्रेटरी, मधे चार-पाच वर्षांची गॅप, आणि मग एक दिवस हॉटेलच्या लॉबीत एक छोटा मुलगा. डोळे हुबेहूब त्याचे. कित्येकदा तर गुपित कव्हरवरच छापलेलं असतं. वाचणारीला पहिल्या पानापासून माहिती, माहिती नसतं फक्त त्या बिचाऱ्या अब्जाधीशाला. त्यामुळे मजा 'काय लपवलंय' यात नसतेच. त्याला कळेल तेव्हा तो काय करेल, यासाठी आपण पानं उलटत बसतो.

हे दुकान तसं जुनं आहे. मिल्स अँड बून लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालं, कॅनडाचं हार्लेक्विन १९४९ साली. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतलं आणि २०१४ मध्ये खुद्द हार्लेक्विन हार्पर कॉलिन्सच्या पंखाखाली गेलं. भारतात त्यांनी रीतसर ऑफिस थाटलं २००८ साली. पण आपल्याकडच्या मुलींनी त्यासाठी कधी वाट पाहिली नव्हती. लायब्ररीतून, फुटपाथवरून, मोठ्या बहिणीच्या गादीखालून ही पुस्तकं कधीचीच हातात येत होती. राधिका परमेश्वरन या अभ्यासकबाईंनी नव्वदच्या दशकात हैदराबादच्या कॉलेजकन्यांमध्ये बसून हे वाचन कसं चालतं ते पाहिलं. कुणी इंग्लिश सुधारावं म्हणून वाचत होतं, कुणी घरात ज्याबद्दल चकार शब्द निघत नाही ते समजून घ्यायला.

त्याच्याही आधी, १९८४ साली, जॅनिस रॅडवे या अमेरिकन बाईंनी तिथल्या एका छोट्या शहरातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. या बायका काहीही मुकाट गिळत नाहीत. हिरो कुठल्या पानावर हद्द ओलांडतो, हिरॉइनला कशाची माफी द्यायची आणि कशाची नाही, याचे त्यांचे कडक नियम असतात. कुणी कुणी तर आधी शेवट वाचून मगच पुस्तक घेतात. म्हणजे 'टाइमपास वाचन' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना वाटतं तितकं हे प्रकरण सोपं नाही.

लकी चार्म्स गँग

आता आमच्या टोळीकडे येऊ. पाच-सहा जणी, सगळ्या नोकरीवाल्या, आणि एकीचा नवरा. (त्याने पैज हरल्यामुळे वाचलं, पण वाचलं पूर्ण!) एकच कॉपी हातोहात फिरली. परत आली तेव्हा तिच्या पाठीचा कणा मोडलेला, आणि दोन मैत्रिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोन दिवस.

पहिला तट 'लकी चार्म्स'वाल्यांचा. लकी चार्म्स म्हणजे अमेरिकेत नाश्त्याला दुधात घालून खातात ते सीरियल, त्यात रंगीबेरंगी मार्शमेलोचे गोड तुकडे असतात. कॅल एवढा मोठा बाप्या, पण त्याचा जीव त्या तुकड्यांत. तर एका भांडणानंतर जेन काय करते? घरातली सगळी पाकिटं उघडते, एकेक करून मार्शमेलो वेचून काढते आणि पाकिटं जशीच्या तशी बंद करून ठेवते! सकाळी कॅल बोल भरतो तर नुसता भुसा. या गँगचं म्हणणं, सूड घ्यावा तर असा. जी बाई आयुष्यभर शहाण्यासारखी वागली, ती पहिल्यांदा वेडेपणा करतेय. हे कॉमेडी आहे, कोर्टातलं अॅफिडेव्हिट नाही. त्यात जेनचं चुकलं नाही असं कुणीच म्हणत नाही. पण ती चुकते ती एकटेपणातून, आणि आपल्यातल्या किती जणींनी एकटेपणात त्याहून मूर्खपणा केलाय, असा यांचा सवाल.

दुसरा तट? त्यांनी पुस्तक तिसऱ्या प्रकरणातच भिंतीवर मारलं असतं, लायब्ररीचं नसतं तर. यांचं म्हणणं अगदी सरळ. रोल उलटे करून बघा. एखाद्या पुरुषाने मुद्दाम भोक पाडलेला कंडोम वापरला, बाईला न विचारता तिला दिवस घालवले, आणि वर म्हणाला की मला फक्त बाळ हवं होतं, तर त्याला आपण 'क्यूट' म्हणू का? पोलिसात जाऊ ना?

आणि हे नुसतं 'समजा' नाही बरं का. कॅनडात अगदी हेच घडलं. मैत्रीण आपल्याला सोडून जाऊ नये, ती गरोदर राहावी, म्हणून एकाने कंडोमना टाचणीने भोकं पाडली. ती गरोदर राहिलीही. प्रकरण वर वर जात राहिलं आणि २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची लैंगिक अत्याचाराची शिक्षा कायम केली. कारण काय, तर अशी फसवणूक करून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे.

मला हा मुद्दा खोडता आलेला नाही. जेन मला आवडते, मार्शमेलोचं प्रकरण तर मी तीनदा वाचलंय, पण खोडता आलेला नाही. १९९७ मध्ये वाचणाऱ्या कित्येकींना हा सगळा मामला धमाल गोंधळ वाटला. आज पंचविशीतली मुलगी तेच पान वाचते आणि पहिला शब्द उच्चारते 'कन्सेंट'. पुस्तक बदललेलं नाही.

पैज हरलेल्या नवऱ्याचं मत मात्र वेगळंच निघालं. त्याला राग आला तो कंडोमचा कमी, आणि 'ढ' म्हणून निवडल्याचा जास्त! कॅलला कुणी माणूस म्हणून बघितलंच नाही, नुसता चांगल्या जातीचा घोडा म्हणून पाहिलं, असं तो म्हणाला. यावर खोलीत जरा शांतता. मग एकीने त्याला आठवण करून दिली, की मुली बघायच्या कार्यक्रमात उंची, रंग आणि 'मुलं देखणी होतील' हे सगळं तोंडावर बोललं जातं, आणि कुणाला घोडा आठवत नाही.

कॅल काय धुतल्या तांदळाचा?

एक तिसरा गटही आहे, आणि तो मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. यांचा राग जेनवर नाही, कॅलवर आहे. फसवलं गेलं मान्य, चिडला तेही मान्य. पण मग जबरदस्तीचं लग्न, तिची नोकरी आणि शहर सोडायला लावून तिला डोंगरातल्या गावात आणून ठेवणं, हे काय? बाळ त्याचं आहे म्हणून बाईही त्याची झाली? आणि हा छत्तिशीचा गडी विशीतल्या मुली फिरवतो, जेन चौतीसची आहे कळल्यावर मात्र म्हातारी गळ्यात पडल्यासारखं तोंड करतो! तो स्वतः म्हातारा व्हायला घाबरलाय हे लेखिका पुढे नीट उलगडते, पण ते उलगडेपर्यंत अनेकींचा पेशन्स संपतो.

याच गटाला कादंबरीतली कॅलच्या आईवडिलांची गोष्ट मुख्य गोष्टीपेक्षा भारी वाटते. मीही त्यांच्यातच. लिन ही डोंगरातल्या गरीब घरातली मुलगी. शाळेत असतानाच जिमपासून तिला दिवस जातात, लग्न लागतं, तोच हा कॅल. जिम पुढे डॉक्टर होतो. आणि लिन? त्याच्या घराण्याला शोभावं म्हणून बोलणं, चालणं, हसणं सगळं घासूनपुसून बदलते. इतकं, की पस्तीस-एक वर्षांनी त्या घरात मूळची लिन सापडत नाही. इथे गरोदरपण कुणी लपवलं नाही. सगळ्या गावाला माहिती होतं. लपवलं ते तिने स्वतःला. जेनचं खोटं काही महिन्यांचं, लिनचं अख्ख्या संसाराचं. पण पुस्तक भिंतीवर मारायची भाषा लिनसाठी कुणी करत नाही.

आपल्याकडे कुणापासून लपवतात?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ही चर्चा चालू असताना एकीने फटकन विचारलं, यात एवढं अमेरिकन काय आहे? कुंतीने काय केलं होतं?

खरंय की. पण जरा थांबून बघा, फरक मोठा आहे. कुंतीने कर्णाला लपवलं ते सूर्यापासून नव्हे, जगापासून. शकुंतलेने तर काहीच लपवलं नाही, उलट ती पोराला घेऊन थेट दरबारात गेली. आणि महाभारतातला दुष्यंत सगळं आठवत असूनही भर सभेत कानावर हात ठेवतो. शाप आणि अंगठी ही नंतरची, कालिदासाची मेहेरबानी! 'आराधना'तली (१९६९) वंदना पोटच्या मुलाच्या घरी आया बनून राहते ती लोकांच्या भीतीने. मुलाचा बाप तर केव्हाच गेलेला. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे आठवा. तिच्या पोटातलं बाळ हे तिथे जमलेल्या सगळ्यांनी उघडं पाडलेलं गुपित. आणि ज्याचं ते बाळ आहे, ते प्रोफेसर दामले नाटकभर स्टेजवर येतच नाहीत.

आपल्या गोष्टींमधल्या बाया समाजापासून लपवतात, जेन त्याच्यापासून लपवते. आपल्याकडच्या बाईला बहुतेक वेळा 'त्याला' कळायला हवंच असतं, तोच गायब असतो. म्हणून जेनचं वागणं आपल्याला जास्त टोचतं का? इथे पुरुष पळून गेलेला नाही, इथे बाईच त्याला मोजत नाही.

बापापासून लपवण्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे 'मासूम'. शेखर कपूरचा हा १९८३ चा सिनेमा एरिक सीगलच्या 'मॅन, वुमन अँड चाइल्ड' या कादंबरीवरचा. नसीरचा डीके सुखी संसारात असतो आणि एक दिवस कळतं की नैनितालला त्याला एक मुलगा आहे. भावनाने त्याला कधी सांगितलंच नव्हतं, त्याचं घर मोडू नये म्हणून. भावनावर कुणी चिडल्याचं आठवतंय? नाही ना. कारण ती त्याग करते, काही मागत नाही आणि मरून जाते. लपवणारी बाई मेली की माफ. जेनचा गुन्हा हा, की ती ठणठणीत आहे, पगार घेते आणि वर मार्शमेलो वेचते.

बंद पाकीट

हा पगाराचा मुद्दा चर्चेत मागे राहतो, पण सगळं त्यावरच उभं आहे. जेन 'बाळ फक्त माझं' म्हणू शकते, कारण तिला त्याच्याकडून एक डॉलरही नकोय. आपल्या सुप्रीम कोर्टासमोर २०१५ साली आलेली बाईही अशीच होती. शिकलेली, नोकरी करणारी, लग्न न केलेली, मुलाला एकटीने वाढवणारी. तिला आपल्या बचतीवर आणि इन्शुरन्सवर मुलाचं नाव लावायचं होतं. तिथे तिला सांगण्यात आलं, बापाचं नाव द्या, नाहीतर गार्डियनशिपचा कागद आणा. कागदासाठी गेली तर खालचं कोर्ट म्हणालं, आधी बापाला नोटीस. सुप्रीम कोर्टाने हे उलटवलं. अविवाहित आईला पालकत्व मागताना बापाचं नाव सांगायची किंवा त्याला नोटीस द्यायची सक्ती नाही, असा निकाल दिला. आणि २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार २१ ते ५० वयाची एकटी बाई रीतसर क्लिनिकमध्ये जाऊन डोनरच्या मदतीने आई होऊ शकते. म्हणजे भारतातल्या आजच्या जेनला कुणाच्या वाढदिवसाचं गिफ्ट व्हायची गरज नाही. डोनर ढ आहे की हुशार, ही चौकशी मात्र तिची तिला!

पण उलट बाजूही ऐका. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टासमोर एक पुरुष गेला होता. तिने गर्भनिरोधक वापरतेय असं खोटं सांगितलं, मग मी मुलाचा खर्च का देऊ, असा त्याचा प्रश्न. १९८३ साली कोर्टाने सांगितलं, द्यायचा. तुमचं काय ते भांडण तुमचं, पोटगी मुलाची. कॅलच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या आमच्या एचआरवालीला हा निकाल अजिबात पचला नाही. मुलाचा हक्क म्हणजे मुलाला बाप मिळण्याचा हक्क, नुसता चेक नव्हे, असं तिचं म्हणणं. ती स्वतः वडिलांशिवाय वाढलीय. त्या दिवशी नंतर फारसं कुणी बोललं नाही.

त्या २०१५ च्या निकालात एक बारीकशी गोष्ट आहे. न्यायमूर्तींनी त्या आईशी बोलून तिला समजावलं, की आपले आईवडील कोण हे कळणं हा मुलाचा हक्क आहे. तिने बापाचं नाव कोर्टाला सांगितलं. ते पाकिटात घालून सील करण्यात आलं. कोर्टाने सांगितल्याशिवाय ते कुणी उघडायचं नाही.

कादंबरीत असं पाकीट नाही. तिथे शेवटी सगळं गोड. जेन आणि कॅल खरोखरच प्रेमात पडलेले, लिन आणि जिम नव्याने एकमेकांना सापडलेले, आणि एक गुटगुटीत मुलगी. नाव रोझी. आता ही रोझी शाळेत जाऊ लागेल आणि सगळी मुलं विचारतात तसं एक दिवस विचारेल, तुमची पहिली भेट कुठे झाली? लकी चार्म्स गँग म्हणते, खरं सांगून टाकावं, पोरगी हसून लोळेल. दुसऱ्या तटाचं उत्तर अजून ठरत नाहीये. त्यांच्या दोन जणी तर म्हणतायत, वाढदिवसाला भेटलो एवढंच सांगायचं. कुणाच्या, ते नाही.